नागपूरजवळ नदीच्या खोऱ्यातून धावण्याजोग्या कच्च्या वाटा कोणत्या?

पहाटवारा:

नमस्कार. मी नागपुरात राहते आणि नियमित धावते. माझे धावणे आजवर सिव्हिल लाइन्समधील झाडीचे रस्ते, सेमिनरी हिल्सचा चढ आणि फुटाळ्याचा काठ एवढ्यापुरतेच राहिले आहे. म्हणजे पायाखाली कायम डांबर किंवा सिमेंट. सिमेंटच्या रस्त्यांनी आता जवळजवळ सगळे शहर व्यापले आहे आणि त्याचा ताण गुडघ्यांना जाणवू लागला आहे, म्हणून रविवारचे लांब अंतर तरी मातीवर धावावे असे मनात आहे.

प्रश्न विचारण्याचे आणखी एक निमित्त आहे. माझी धाकटी बहीण शिक्षणासाठी पोलंडमध्ये व्रोत्सवाफ येथे राहते आणि सुट्टीच्या दिवशी बारिच नदीच्या खोऱ्यात धावायला जाते. हे खोरे १९९६ पासून लँडस्केप पार्क म्हणून घोषित आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ८७० चौरस किलोमीटर असून त्या देशातील अशा उद्यानांत ते सर्वांत मोठे आहे. मला नवल वाटले ते याचे, की या उद्यानाच्या हद्दीत गावे आहेत, शेते आहेत, लाकूड काढण्याची वने आहेत आणि मध्ययुगात सिस्टर्शियन मठवासीयांनी मासे पाळण्यासाठी खोदायला सुरुवात केलेली तळीही आहेत. तळ्यांचा काही भाग कडकपणे राखीव आहे, परंतु उरलेल्या प्रदेशात तळ्यांच्या पाळींवरून, वनातल्या मातीच्या रस्त्यांवरून आणि बंद पडलेल्या नॅरोगेज लोहमार्गाच्या जागी केलेल्या वाटेवरून लोक मोकळेपणाने चालतात, सायकल चालवतात आणि धावतात. (आपल्याकडची नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली ती ब्रॉडगेजसाठी, त्यामुळे ती आशा नाही.)

आपल्याकडे पेंच, कन्हान, कोलार, नाग, वेणा अशा नद्या आहेत आणि शहरापासून तासा-दीड तासावर त्यांची खोरी आहेत. असे असूनही नदीकाठाने पंधरा-वीस किलोमीटर धावता येईल अशी वाट मला कोणी सांगू शकलेले नाही. वनक्षेत्रात धावण्याची परवानगी मिळते का, नसल्यास वनाबाहेर काय पर्याय आहेत आणि कोणत्या महिन्यात कोठे जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आम्ही मैत्रिणींचा लहानसा गट आहोत. अंधारात निघून उजाडल्यावर परतणे हा आमचा क्रम असतो, त्यामुळे सुरक्षिततेचा विचार करूनच उत्तर द्यावे ही विनंती.

सालईबन:

ताई, प्रश्न चांगला आहे, पण त्यातला वनाचा भाग आधी निकालात काढू, कारण तेथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

पोलंडमधील लँडस्केप पार्क हा संरक्षणाचा सौम्य प्रकार आहे. गावे, शेती आणि निसर्ग यांचे एकत्रित रूप टिकवणे हा त्याचा हेतू असतो, म्हणून माणसाच्या वावराला तेथे मुळातच जागा ठेवलेली असते. आपल्याकडील १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांना मध्यभागी ठेवून लिहिलेला आहे. २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव असे दोन सौम्य प्रकार त्यात आले, तरी धावपटूंचा विचार करून आखलेले असे खोरे नागपूरच्या आसपास नाही. पेंच १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, त्याला लागून असलेले मानसिंगदेव अभयारण्य २०१० मध्ये आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला २०१२ मध्ये घोषित झाले. या क्षेत्रांत सफारीची वाहने ठरलेल्या मार्गाने जातात, आणि पायी उतरायला परवानगी नसते तेथे धावण्याचा प्रश्नच येत नाही. तोतलाडोह धरणाच्या वरच्या बाजूचे पेंचचे खोरे कितीही सुंदर असले तरी ते आपल्या यादीतून वगळावे.

पुष्कळांना हा निव्वळ सरकारी अडथळा वाटतो. मला तसे वाटत नाही. धावणारा माणूस चालणाऱ्यापेक्षा वेगाने वळण घेतो आणि बोलत नसतो, त्यामुळे जनावराला सावध होऊन बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. वाघापेक्षा मला अस्वलाची अधिक धास्ती आहे. अस्वलाची नजर आणि कान दोन्ही बेताचे असतात, ते नाक जमिनीला लावून वारूळ उकरण्यात गुंतलेले असते आणि अगदी जवळ गेल्यावर दचकून सरळ अंगावर येते. मोहफुले गळण्याच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, गावातल्या बायाबापड्या ज्या वेळी फुले वेचायला जातात त्याच पहाटेच्या वेळी अस्वलही मोहाखाली असते. आपणही नेमकी हीच वेळ निवडणार.

शहराला लागून असलेल्या वनखात्याच्या जागांपैकी अंबाझरी जैवविविधता उद्यान आपल्यासाठी सर्वांत सोयीचे आहे. सुमारे साडेसातशे हेक्टरच्या या क्षेत्रात गवताळ माळ, झुडपी जंगल आणि तलावाची मागची बाजू येते, शिवाय चालण्यासाठी व सायकलींसाठी वाटा आखलेल्या आहेत. प्रवेशाच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून फाटकावर विचारून मगच बेत ठरवावा. उजाडण्यापूर्वी आत शिरण्याचा आग्रह धरू नये. गोरेवाड्याचे प्रकरण वेगळे आहे. तेथील तलाव १९१२ चा, शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला, आणि भोवतालच्या सुमारे एकोणीसशे हेक्टर वनात बिबट्यांचा कायमचा वावर आहे. तेथे वन विकास महामंडळाच्या व्यवस्थेत आणि त्यांच्या माणसाबरोबर जे फिरता येते तेवढेच करावे. काटोल रस्त्याच्या बाजूने कुंपणाची फट शोधून आत घुसणारे उत्साही लोक मला माहीत आहेत. त्यांचे अनुकरण करू नये.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला लागून असलेल्या मिहान या उद्योगक्षेत्राच्या परिसरात वाघ फिरत होता, हेही लक्षात असू द्यावे. वनाची सीमा नकाशावर असते, जनावराला ती ठाऊक नसते. म्हणून पुढे कोणी वनाबाहेरच्या वाटा सुचवल्या तरी वनाला चिकटून जाणाऱ्या वाटेवर पूर्ण उजाडल्याशिवाय धावू नये, आणि गटाने बोलत-बोलत धावावे.

धरमपेठकर:

सालईबन यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त एवढे म्हणेन, की नदीच्या खोऱ्यासाठी पन्नास किलोमीटर गाडी हाकण्याची गरज नाही. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते आणि अंबाझरी तलावात येते, म्हणजे जैवविविधता उद्यानात धावताना आपण नाग नदीच्या खोऱ्यातच असता. शहरात तिचे पुढे जे होते ते सर्वांना माहीत आहे, पण तलावाच्या वर ती अजून नदीसारखी दिसते. अंतर वाढवायचे असेल तर त्याच वाटेचे दोन-तीन फेरे करावेत. पावसाळ्यात मात्र तेथील चिखल बुटाला असा धरतो, की प्रत्येक पाय दीडपट जड होतो.

काळीमाती:

धरमपेठकर यांनी चिखलाचा उल्लेख ओझरता केला, परंतु माझ्या मते पहाटवारा यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच आहे. नागपूरच्या आसपास कोणत्या महिन्यात कोठे धावावे हे पायाखालचा खडक आणि त्यापासून झालेली माती ठरवते. आपले शहर भूगर्भाच्या दृष्टीने एका सांध्यावर वसले आहे. पश्चिमेला, म्हणजे वाडी, हिंगणा, कळमेश्वर, काटोल या बाजूला, दख्खनचा बसाल्ट संपत येतो. कामठी आणि सावनेरच्या पट्ट्यात गोंडवन काळातले वालुकाश्म व कोळशाचे थर आहेत, आणि भूशास्त्रात त्या वालुकाश्मांना कामठीचेच नाव आहे. ईशान्येला मनसर-रामटेककडे त्याहून कितीतरी जुने, रूपांतरित खडक वर आलेले आहेत. तासाभराच्या प्रवासात तीन निरनिराळ्या जमिनी मिळतात, ही धावणाऱ्यासाठी चैनच आहे.

बसाल्टपासून झालेली काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. जून ते सप्टेंबर या काळात तिच्यावर धावणे म्हणजे केवळ झोंबाझोंबी. ऑक्टोबरच्या अखेरीस ती वरून सुकते आणि आतून मऊ राहते, आणि नोव्हेंबर ते जानेवारी हे तिचे वैभवाचे दिवस असतात. त्या काळात कळमेश्वर, धापेवाडा, आदासा या पट्ट्यातल्या शेतवाटांइतकी गुडघ्यांना मानवणारी जमीन मी दुसरीकडे पाहिलेली नाही. धापेवाड्याला चंद्रभागा नदी आणि विठ्ठलाचे देऊळ, आणि तेथून जवळच आदाशाच्या टेकडीवरचा गणपती. नदीकाठची सपाटी आणि शेवटी चढ, असे दोन्ही एकाच फेरीत साधते. फेब्रुवारीनंतर याच मातीला भेगा पडू लागतात. एप्रिलमध्ये त्या इतक्या रुंद होतात, की त्यांत बुटाचे टोक अडकून घोटा मुरगळू शकतो, आणि वरून बारीक धूळ साचलेली असल्याने भेग दिसतही नाही.

पावसाळ्यात मात्र वालुकामय जमिनीकडे वळावे. कामठी, पारशिवनी, रामटेक या दिशेला जेथे रेताड किंवा मुरमाड जमीन आहे तेथे पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात वाट धावण्याजोगी होते. रामटेकच्या डोंगरावर चढ-उताराचा सरावही होतो. अंबाळा तलावाच्या बाजूने गडावर जाणाऱ्या जुन्या पायऱ्या पावसात शेवाळून निसरड्या होतात, म्हणून त्या ऋतूत वर धावत जावे आणि उतरताना चालावे. खिंडसी तलावाचा परिसरही जवळच आहे.

नदीच्या पात्रातून धावण्याचा मोह पुष्कळांना होतो. कन्हानचे पात्र रुंद, वाळूचे, हिवाळ्यात अर्धे कोरडे, आणि छायाचित्रात ते फारच देखणे दिसते. परंतु मऊ वाळूत टाच खोल जाते, पोटरीवर आणि टाचेमागच्या स्नायुबंधावर अकारण ओढ येते, आणि वाळू उपसल्याने झालेले डोह वरून ओळखू येत नाहीत. पेंच आणि कोलार या नद्या बिना संगमाजवळ कन्हानला मिळतात. तेथे काठावरून पाहावे, पण पात्रात उतरून अंतर मोजू नये. पेंच नदीवर नवेगाव खैरीचे धरण आहे आणि त्यातून पाणी सोडले की खालचे कोरडे पात्र डोक्यावर ढग नसतानाही भरते.

नाल्यांबाबत तर मी अधिकच कडक आहे. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपण रोज पाहतो ते स्टीफन हिस्लॉप धर्मोपदेशक होते, तसेच या भागाच्या भूशास्त्राचे पहिल्या पिढीतले अभ्यासकही होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून बोरीकडे घोड्यावरून परतत असताना फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. या मुलखात त्यांनी अनेक वर्षे भ्रमंती केली होती, म्हणजे नवखेपणाचा दोष त्यांना देता येत नाही. सप्टेंबरमध्ये काळी माती पाण्याने तुडुंब झालेली असते, नवीन पाऊस तिच्यात मुरत नाही, सगळा वाहून नाल्याला येतो आणि वर कोठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा आपल्या डोक्यावर कदाचित ऊन असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीने जे केले ते शहराने पाहिलेच आहे. जाताना घोट्याएवढे पाणी असलेला नाला येताना मांडीएवढा असेल, तर लांबचा रस्ता धरून पुलावरून यावे, मग अंतर दुप्पट झाले तरी हरकत नाही.

पहाटवारा:

सर्वांचे मनापासून आभार. सालईबन यांच्यामुळे पेंचचा विचार सोडला आहे, आणि काळीमाती यांनी सांगितलेल्या ऋतूंप्रमाणे आमच्या रविवारांची आखणी करून पाहते. एक शंका मात्र शिल्लक आहे. वनखात्याची जागा नाही, पात्रात उतरायचे नाही, तर मग सलग पंधरा किलोमीटर अंतर मिळणार कोठे? शेतवाटांवरून धावावे म्हटले तर ती खाजगी जमीन असते. कोणी हटकले तर काय सांगायचे? आम्ही सगळ्या शहरातल्या, चमकदार कपड्यांतल्या, आणि भल्या पहाटे कोणाच्या तरी तुरीच्या कडेने धावत निघालो आहोत, हे चित्र मलाच जरा विचित्र वाटते.

नहरकाठ:

माझे गाव पारशिवनी तालुक्यातले आहे आणि मी तेथेच धावायला शिकलो, म्हणून या शंकेचे उत्तर देण्याचा अधिकार थोडासा मला आहे असे समजतो.

प्रथम पांदण रस्त्यांबद्दल. शेतवाट आणि पांदण यांत फरक आहे. बांधावरून जाणारी वाट ही त्या शेतकऱ्याची, पण पांदण रस्ता गावाच्या नकाशावर दाखवलेला सार्वजनिक रस्ता असतो. जुन्या गाव नकाशांत गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते, तर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि सव्वाआठ फुटांचा. हे नकाशे आता शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. उपग्रहाच्या चित्रावर आधी वाट हेरावी, मग गाव नकाशाशी ताडून पाहावी आणि दोन्हींत जुळली तर खुशाल धावावे. कोणी हटकले तर थांबून राम राम करावा, कोठून आलो आणि कोठे जाणार ते सांगावे. आमच्याकडे हटकणे बहुतेक वेळा चौकशीच असते आणि तिचा शेवट चहात होतो. काही पांदण रस्ते नकाशावर आहेत पण प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी नांगरले जाऊन बैलगाडीपुरतेही उरलेले नाहीत. अशा ठिकाणी हक्काची भाषा न बोलता परत फिरावे, तो वाद गावाचा आणि तहसीलदारांचा आहे.

सलग अंतर हवे असेल तर मात्र नहर, म्हणजे कालवा. नवेगाव खैरीच्या धरणातून पेंच प्रकल्पाचे कालवे निघतात. उजव्या कालव्याच्या पाण्यावर नागपूरचे नळ अवलंबून आहेत, आणि डावा रामटेक-मौद्याकडच्या धानाला पाणी देतो. कालव्याच्या काठाने देखभालीसाठी मातीचा किंवा मुरमाचा रस्ता असतो. तो जमिनीच्या उताराला धरून वळत जात असल्याने चढ जवळजवळ नसतो, आणि लांब अंतर एकसारख्या गतीने धावण्यासाठी असा पृष्ठभाग शहरात मिळणार नाही. तो रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे, म्हणून तेथील शाखा कार्यालयात एकदा विचारावे आणि त्या टप्प्यावरच्या पाटकऱ्याशी, म्हणजे कालव्याचे पाणी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याशी, ओळख करून घ्यावी. पाण्याची पाळी केव्हा सुटणार, कोणत्या पुलाजवळ काठ खचला आहे, कोठे काटेरी फांद्या टाकून रस्ता बंद केला आहे, हे सगळे त्याला माहीत असते.

नहराबद्दल एक धोका स्पष्टपणे सांगतो, कारण तो दिसत नाही. अस्तर केलेल्या कालव्याच्या भिंती तिरप्या, गुळगुळीत आणि पाण्याखाली शेवाळलेल्या असतात. आत पडलेल्या माणसाला, त्याला उत्तम पोहता येत असले तरी, धरायला काहीच सापडत नाही आणि प्रवाह पुढे नेत राहतो. म्हणून तोंड धुवायला किंवा बाटली भरायला काठावर वाकू नये, धावताना पाण्याकडच्या नव्हे तर शेताकडच्या बाजूने राहावे. कोणी पडलेच तर दुसऱ्याने मागोमाग उडी न घेता ओढणी, दोर, फांदी, जे असेल ते पुढे टाकावे.

दुसरा धोका विजेच्या तारेचा. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेताभोवती तार लावतात. सौर ऊर्जेवरचे झटका यंत्र अधूनमधून सौम्य धक्का देते, त्याने जीव जात नाही. पण काही ठिकाणी थेट वीजवाहिनीवरून बेकायदा प्रवाह सोडलेला असतो, त्याने माणसे आणि वाघही मेले आहेत. तार गुडघ्याच्या उंचीवर असते आणि अंधारात डोक्यावरच्या दिव्यानेही ती दिसेलच असे नाही. तुरीचे, हरभऱ्याचे आणि धानाचे दिवस यासाठी विशेष जपण्याचे. आपण अंधारात निघता असे लिहिले आहे, ते शहरात ठीक आहे. शेतशिवारात मात्र डिसेंबर-जानेवारीत पावणेसातच्या आणि मे महिन्यात साडेपाचच्या आधी पाऊल टाकू नये, आणि तेव्हाही बांध ओलांडून आडवाटेने जाऊ नये.

राहिली तळी. आपल्या बहिणीकडे मठवासीयांनी खोदलेली तळी आहेत, तसे आपल्या पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी धानाला पाणी मिळावे म्हणून ते बांधले. भंडारा-गोंदियाकडे त्यांची दाटी आहे, पण रामटेकच्या बाजूलाही ते आढळतात. अशा तलावाची मातीची पाळ म्हणजे धावायला एक उंच, कोरडी, दोन्ही बाजूंनी मोकळी दिसणारी वाट. एका तलावाची पाळ फार लांब नसते, पण पांदणीने तलाव जोडत गेले की खोऱ्याचे खरे रूप कळते: वर जंगल, त्याखाली तलाव, त्याखाली धानाची बांधी आणि शेवटी नदी. पाळीवर झुडपे माजलेली असतील तर काठी आपटत चालावे. घोणस दचकली तर पळत नाही, जागेवरच फुत्कारते.

कुसळांबद्दल कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात गवताची कुसळे मोज्यांतून आरपार जातात आणि तीन किलोमीटरवर माणसाला बूट काढून बसवतात. जाळीच्या कापडाच्या बुटांवर घोट्याभोवती कापडी पट्टी बांधावी. गावठी कुत्री मागे लागली तर धावणे थांबवून चालू लागावे, बहुतेक ती शेताची हद्द संपली की परत जातात. मेंढपाळांच्या कुत्र्यांचे तसे नाही, कळप दिसला तर लांबूनच धनगराला हाक द्यावी आणि त्याने हात केल्यावरच पुढे जावे.

सालईबन:

नहरकाठ यांचे लेखन वाचून समाधान वाटले. एकच भर घालतो. पारशिवनीच्या वरच्या बाजूला कालवा आणि वन काही ठिकाणी फार जवळ येतात आणि उन्हाळ्यात वन्यप्राणी पाण्यासाठी कालव्यावर उतरतात. त्यामुळे धरणापासून खाली येण्यापेक्षा खालच्या उघड्या शेतशिवारातून सुरुवात करून वन दिसू लागले की मागे फिरावे, असा क्रम ठेवावा.

पहाटवारा:

मग असे ठरवते. दिवाळीनंतरचे पहिले काही रविवार धापेवाडा-आदासा भागातल्या पांदणींवर, उन्हाळा लागेपर्यंत कालव्याचा खालचा टप्पा, आणि पावसाळ्यात रामटेकचा डोंगर. मधल्या आठवड्यांत अंबाझरी आहेच. शेतशिवारात निघण्याची वेळ उजाडल्यावरचीच. आता शेवटचा प्रश्न पाण्याचा. मे महिन्यात आपण लोक नेमके काय करता? शहरात दर दोन किलोमीटरवर टपरी असते, नहराच्या काठी ती नसणार.

काळीमाती:

मे महिन्यात लांब धावत नाही, हे प्रामाणिक उत्तर. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि अशा दिवसांत पहाटेची हवाही दिवसभर तापलेल्या जमिनीमुळे निवलेली नसते. त्या आठवड्यांत अंतर निम्मे करावे आणि साडेसातच्या आत सावलीत यावे. उन्हाळ्याची शरीराला सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून मार्चमध्येच थोडे-थोडे उन्हात जाण्याचा सराव ठेवावा. पाणी पाठीवर न्यावे. नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा त्यात मीठ-साखर-लिंबू असावे, कारण घामावाटे मीठ जाते आणि वरून केवळ पाणी ढोसले तर रक्तातले मिठाचे प्रमाण उतरून चक्कर, मळमळ सुरू होते. जुलै-ऑगस्टला मात्र लोक गाफील राहतात. तापमान तिशीत असते पण हवेत इतकी वाफ असते, की घाम वाळत नाही आणि अंग थंड होण्याचा मार्गच बंद पडतो. त्या दिवसांत घड्याळातली गती पाहू नये, श्वासावर धावावे.

नहरकाठ:

पाण्याची सोय गावातूनच होते. कालव्यावरच्या प्रत्येक पुलापासून एखादे गाव हाकेच्या अंतरावर असते, तेथे हातपंप किंवा नळयोजनेचा नळ मिळतो आणि हनुमानाच्या देवळाजवळ बहुधा माठही भरलेला असतो. अंतर आखताना किलोमीटरऐवजी हे पूल मोजावेत, म्हणजे पाणी किती न्यायचे ते आपोआप ठरते. गाडी मात्र पुलावर किंवा नहराच्या रस्त्यावर उभी करू नये, सकाळी धानाचे ट्रॅक्टर तेथूनच वळतात. ग्रामपंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत लावावी आणि तेथे कोणाला तरी सांगून निघावे, की आम्ही अमुक पुलापर्यंत जाऊन साधारण नऊपर्यंत परत येतो.